ड्रेंगची पेनी : अँग्लो-सॅक्सन चांदीची नाणी जमवणारं इथे कुणी आहे का?

टांकसाळ

मंडळी, शिवराई आणि होनांवरचे इथले धागे मी आवडीने वाचतो. माझा स्वतःचा नाद मात्र दुसऱ्या मातीतला आहे. नॉटिंगहॅमला राहायला आल्यापासून मी अँग्लो-सॅक्सन काळातल्या, म्हणजे १०६६ च्या आधीच्या इंग्लंडच्या, चांदीच्या पेनी जमवतोय. नऊ वर्षांत चौदा झाल्या. संख्या थोडी वाटेल, पण एकेकीच्या मागे महिने गेलेत. मराठीत यावर कुणाशी बोलायला मिळालं नाही, म्हणून आज धागा काढतोय.

सुरुवात माझ्या सगळ्यात लाडक्या पेनीपासून करतो. जेमतेम दोन सेंटिमीटर व्यास, वजन १.६२ ग्रॅम. इतकी पातळ की बोटांत धरताना भीती वाटते. पुढच्या बाजूला राजाचा डावीकडे तोंड केलेला चेहरा आहे, केस काट्यांसारखे उभे. भोवती लेख आहे, 'एथेलरेड, अँग्लांचा राजा'. मागच्या बाजूला कडेपर्यंत पोचणारा दुहेरी रेघांचा क्रूस, त्याच्या चारही टोकांना तीन तीन चंद्रकोरी. संग्राहक या प्रकाराला 'लाँग क्रॉस' म्हणतात, काळ साधारण ९९७ ते १००३. क्रूसाच्या हातांनी लेखाचे चार तुकडे केलेत. ते जोडून वाचले की मिळतं 'ड्रेंग', मग 'एम' आणि 'ओ', मग 'लिंक'. 'एम-ओ' म्हणजे मोनेटारिअस, टांकसाळ्या. लिंकन गावचा टांकसाळ्या ड्रेंग.

हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ती रात्र अजून आठवते. ड्रेंग हे इंग्रजी नाव नाही. ते उत्तरेकडच्या, डॅनिश लोकांच्या भाषेतलं आहे, अर्थ तरणाबांड गडी, योद्धा. लिंकन हा डॅनिश लोकांनी जिंकून वसवलेला मुलूख होता. आणि ही पेनी पाडली गेली तेव्हा राजा एथेलरेड डॅनिश चढाईखोरांना खंडणी देत होता. ९९१ मध्ये १०,००० पौंड, ९९४ मध्ये १६,०००, १००२ मध्ये २४,०००. पौंड म्हणजे तेव्हा २४० पेनी. म्हणजे १००२ चा एक हप्ताच ५७ लाख ६० हजार पेनींचा! त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला राजाने देशातले डॅनिश लोक मारून टाकायचा हुकूम काढला. डॅनिश नावाचा माणूस लिंकनमध्ये बसून राजाचा चेहरा चांदीवर ठोकतोय आणि ती चांदी जहाजं भरून डॅनिश लोकांकडे चाललीय. इतिहासकार म्हणतात की लिंकनसारख्या भागात तो हुकूम अमलात येणं शक्यच नव्हतं, कारण वस्तीच त्या वंशाची होती. मला त्या वाक्याने बरं वाटतं. हजार वर्षांपूर्वीच्या अनोळखी माणसासाठी जीव हलतो हे मी या नाण्यामुळे शिकलो.

माझ्या पेनीच्या मागच्या बाजूला पाच बारीक टोचे आहेत. चांदी खरी का खोटी हे बघायला उत्तरेकडचे लोक सुरीच्या टोकाने असं टोचून बघत. एथेलरेडच्या पेनी इंग्लंडपेक्षा स्कँडिनेव्हियात जास्त सापडल्यात, एकट्या स्वीडनमध्ये हजारोंनी, त्यातही गॉटलंड बेटावर. माझी पेनीही बहुधा समुद्र ओलांडून गेली आणि लिलावांतून परत आली.

टांकसाळ्याचं नाव घालायची पद्धत आठव्या शतकापासूनची. मध्य इंग्लंडमधल्या मर्सिया राज्याच्या ऑफा राजाच्या (७५७ ते ७९६) पेनींवरही नावं आहेत. पण त्या नावामागचा धाक कळतो तो दहाव्या शतकातल्या एथेलस्टान राजाने ग्रेटली गावी केलेल्या कायद्यात. सगळ्या राज्यात एकच नाणं चालेल असं त्यात म्हटलंय. आणि खोट केलेल्या टांकसाळ्याचा हात तोडून टांकसाळीवर ठोकावा असंही. कुठल्या गावात किती टांकसाळे तेही दिलंय. लंडनला आठ, कँटरबरीला सात, विंचेस्टरला सहा. पुढे एडगर राजाने साधारण ९७३ मध्ये राजाचा चेहरा, टांकसाळ्याचं नाव आणि गावाचं नाव, तिन्ही गोष्टी प्रत्येक पेनीवर सक्तीच्या केल्या. त्यामुळे त्या सालानंतरची कुठलीही पेनी हातात घ्या, माणूस आणि गाव दोन्ही सापडतात. त्या काळच्या युरोपात इतकी शिस्त दुसऱ्या राज्यात शोधून दाखवा!

कुणी जमवत असाल तर लिहा. नसाल तरी विचारा.

गोदाकाठ

फार सुंदर लिहिलंय. मी नाशिकचा. अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेत अधूनमधून जातो, पण माझा अभ्यास आपल्या मुलखापुरता.

टोच्यांचं वाचून लगेच आपले सराफ आठवले. मुघल आणि मराठा काळातल्या रुपयांवर सराफ बारीक खुणा ठोकत, कधी कडेला छिन्नीने खाच पाडत. कारण तेच, आत तांबं तर नाही ना! अनेक नवे संग्राहक असे रुपये 'खराब' म्हणून टाळतात. मी मुद्दाम घेतो. नाणं बाजारात फिरलं, चार हातांनी पारखलं, याची ती पावती असते.

एक प्रश्न. नवा राजा किंवा नवं वर्ष आलं की आपल्याकडे जुन्या रुपयावर बट्टा लागायचा. तिथे तसं काही होतं का?

टांकसाळ

गोदाकाठ, नेमका प्रश्न! बट्ट्याहून कडक व्यवस्था होती. एडगरच्या सुधारणेनंतर दर काही वर्षांनी नाण्याचा सगळा प्रकारच बदलायचा. जुन्या पेनी आणून द्यायच्या, नव्या घ्यायच्या, आणि अदलाबदलीत राजाचा व टांकसाळ्याचा वाटा कापला जायचा. पूर्वी अभ्यासक सहा वर्षांचं चक्र मानत, पुढे ते दोन-तीन वर्षांवर आलेलं दिसतं. एकट्या एडवर्ड द कन्फेसर राजाच्या चोवीस वर्षांत दहाच्या आसपास प्रकार निघाले. नवा प्रकार निघाला की टांकसाळ्याला ठसे आणायला जावं लागे आणि त्याचेही पैसे भरावे लागत. डूम्सडे बुकात, म्हणजे १०८६ च्या राज्यभरच्या मोजणीच्या वहीत, वूस्टरच्या टांकसाळ्यांबद्दल लिहिलंय की नाणं बदललं की प्रत्येकाने ठशांसाठी लंडनला वीस शिलिंग द्यायचे.

म्हणून इंग्लंडच्या जमिनीत सापडणाऱ्या साठ्यात बहुतेक वेळा एकदोनच प्रकारांची नाणी असतात. साठा कधी पुरला हे त्यावरून चारपाच वर्षांच्या अंतराने सांगता येतं. सॉमरसेटमधल्या च्यू व्हॅलीचा साठा २०१९ मध्ये सापडला, २,५८४ नाणी, आणि त्यात जवळजवळ सगळी दुसऱ्या हॅरल्डची आणि त्याला हरवून राजा झालेल्या विल्यमची. हॅरल्डचं राज्य जेमतेम नऊ महिने, १०६६ च्या जानेवारीपासून हेस्टिंग्जच्या लढाईत तो मारला जाईपर्यंत. त्याच्या पेनीच्या मागे मधोमध एकच शब्द असतो, 'पाक्स', शांती. हा शब्द वाचून मला दरवेळी गलबलतं.

मंजिरी_नॉर्फक

धागा बघून लॉगिन केलं. मी नॉर्विचजवळ राहते आणि गेली सहा वर्षं एका मेटल डिटेक्टर क्लबबरोबर शेतांमधून फिरते. जमवत काहीच नाही, शोधते आणि नोंदवते.

तीन वर्षांपूर्वी नांगरलेल्या शेतात, नोव्हेंबरच्या पावसात मला एक 'स्किएटा' मिळालं. पेनीच्या आधीचं, साधारण ६७५ ते ७५० च्या काळातलं, बारकं पण जाड चांदीचं नाणं. करंगळीच्या नखाहून थोडं मोठं. चिखलातून निघालं तेव्हा बटणाचा तुकडा वाटला. हातमोज्यावर पाण्याची बाटली तिरकी केली आणि माती वाहून जाता जाता एक गोल डोळा वर आला. मग दुसरा. मी तिथेच उकिडवी बसून राहिले.

ते मी जिल्ह्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नेलं. १९९७ पासून इथे 'पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम' आहे. शेतात सापडलेल्या वस्तूचा फोटो, वजन आणि जागा ती नोंदवते. एकटं नाणं सहसा कायद्याने 'ट्रेझर' (कळवावाच लागणारा खजिना) ठरत नाही. पण तीनशे वर्षांहून जुनी, सोन्याचांदीची दोन किंवा जास्त नाणी एकत्र मिळाली तर ती कळवावीच लागतात, १९९६ चा कायदा आहे. मग संग्रहालयाने घेतली तर शोधणारा आणि जमीनमालक दोघांना मोबदला मिळतो. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे.

टांकसाळदादा, तुम्ही घेताना नोंद बघता ना? लेम्स्टरचं प्रकरण तुम्हाला माहीत असेलच.

टांकसाळ

मंजिरीताई, त्या डोळ्याचं वर्णन वाचून अंगावर काटा आला.

नोंद बघतो. आता बघतो, असं म्हणायला हवं. सुरुवातीच्या दोन पेनी मी नुसत्या रूपावर घेतल्या होत्या. त्यातली एक ओतीव नक्कल निघाली. दुसरी खरी आहे, पण कुठून आली याचा एक शब्दही माझ्याकडे नाही. तिचं मला वाईट वाटतं, कारण ती मुकी झालीय.

लेम्स्टरबद्दल इतरांसाठी लिहितो. २०१५ मध्ये हेरफर्डशरमधल्या लेम्स्टरजवळ दोन जणांना व्हायकिंग काळातला साठा मिळाला. अंदाज तीनशे नाण्यांचा. त्यांनी तो कळवला नाही आणि फोडून विकायला काढला. २०१९ मध्ये दोघांना तुरुंगवास झाला, पण तेव्हा हाती लागली होती तिसाच्या आसपास नाणी. त्यांत दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्याचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा दुसरा केओलवुल्फ यांची 'दोन सम्राट' छापाची नाणी होती. मागच्या बाजूला दोन राजे शेजारी शेजारी बसलेले, रोमन नाण्यावरून उचललेलं चित्र. आल्फ्रेडच्या बाजूच्या बखरीत केओलवुल्फला राजाचा मूर्ख सरदार म्हणून उडवून लावलंय, आणि नाणी सांगतात की दोघांनी मिळून एकच चलन चालवलं होतं. बखरीने पुसलेला माणूस नाण्यांनी परत आणला. २०१५ मध्येच ऑक्सफर्डशरमधल्या वॉटलिंग्टनला तसाच साठा मिळाला, तो शोधणाऱ्याने रीतसर कळवला. मातीच्या ढेकळासकट उचलून प्रयोगशाळेत नेला आणि आज तो ॲशमोलियन संग्रहालयात सगळ्यांना बघता येतो. सुमारे दोनशे नाणी. एका साठ्यातलं प्रत्येक नाणं कुठे, कशाखाली होतं हे कळलं. दुसऱ्याचा बहुतेक भाग कायमचा विखुरला.

म्हणून माझा नियम असा की जिची जुनी पावती, लिलावाची चिठ्ठी किंवा नोंद क्रमांक नाही ती पेनी कितीही देखणी असो, घ्यायची नाही. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाची 'अर्ली मिडिएव्हल कॉर्पस' ही यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. एकट्या सापडलेल्या नाण्यांच्या नोंदी तिथे आहेत. विकत घेण्याआधी मी तिथे तासभर तरी घालवतोच.

रेवा_

बायकांच्या नावाचं एखादं नाणं आहे का त्या काळातलं?

टांकसाळ

आहे! ऑफाची राणी सिनेथ्रिथ. अँग्लो-सॅक्सन काळात स्वतःच्या नावाने नाणी निघालेली ती एकमेव राणी. कँटरबरीच्या एओबा नावाच्या टांकसाळ्याने पाडलेली, काहींवर तिचा चेहरा. माझ्या आवाक्यातली नाहीत, ब्रिटिश म्युझियममध्ये काचेतून बघितलीत. ऑफाच्या पेनींवरचे चेहरे फार नजाकतीचे आहेत, पुढची दोनशे वर्षं तितकं कोरीव काम क्वचितच दिसतं. त्याच ऑफाच्या नावाचं सोन्याचं एक नाणंही तिथे आहे, खलिफा अल-मन्सूरच्या दिनाराची नक्कल. अरबी लेख जवळजवळ जसाच्या तसा उतरवलाय, हिजरी सन १५७ सकट, आणि मध्ये 'ऑफा रेक्स'. ठसा कोरणाऱ्याला अरबी येत नव्हतं हे अक्षरांवरून कळतं.

पंत

आल्फ्रेडचा विषय निघालाय म्हणून एक गोष्ट. अँग्लो-सॅक्सन बखरीत ८८३ च्या नोंदीखाली लिहिलंय की आल्फ्रेडने सिगेहेल्म आणि एथेलस्टान (वरचा राजा नव्हे) या दोघांबरोबर रोमला आणि भारतात संत थॉमस व संत बार्थोलोम्यू यांच्या स्थानी दान पाठवलं. काही प्रतींत 'इंडिया'च्या जागी 'ज्युडिया' असा पाठ आहे, त्यामुळे अभ्यासकांत वाद आहे. पण त्या दानात आल्फ्रेडच्या पेनी असणार आणि त्यातली एखादी अरबी समुद्र ओलांडून मलबारला पोचली असेल, ही कल्पना मला कॉलेजपासून सोडत नाही.

नवखा_पुणेकर

मंडळी, मी पूर्ण नवीन. कामानिमित्त दोन वर्षं लंडनला आहे. हा धागा वाचून एक तरी पेनी घ्यावी असं फार वाटतंय. तीनशे पौंडांच्या आसपास जमेल. काय घ्यावं? काय बघावं? एका ऑनलाइन लिलावात एक आवडलीय. मागे 'लेओफपिने ऑन लुंड' असं लिहिलंय. हा लेओफपिने कोण? आणि मातकट दिसतेय, घरी चिंचेने घासली तर चालेल का?

गोदाकाठ

चिंच अजिबात लावू नका! माझ्या एका परिचिताने क्षत्रपांचं चांदीचं नाणं चिंचेने आणि दात घासायच्या पेस्टने चकचकीत केलं. शेकडो वर्षांची कांती दहा मिनिटांत गेली आणि राजाच्या नाकाची धारही गेली.

टांकसाळ

नवखा, आधी चांगली बातमी. ते लेओफपिने नाही, लेओफविने! जुन्या इंग्रजीत 'व'साठी 'विन' नावाचं एक अक्षर होतं, ते अगदी रोमन 'पी'सारखं दिसतं. सगळेच पहिल्यांदा फसतात. 'ऑन लुंड' म्हणजे लंडनला. विंचेस्टर असेल तर 'पिंट' दिसेल, वाचायचं 'विंट'. यॉर्कसाठी 'एओफर' बघा.

त्या भावात एथेलरेडची किंवा पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या डॅनिश क्नूटची साधी पेनी मिळू शकते. आल्फ्रेड, हॅरल्ड यांच्याकडे आत्ता बघू नका. किंचित वाकलेली, टोचे असलेली घ्या, त्या स्वस्त असतात आणि बोलक्याही.

बघायचं म्हणाल तर सगळ्यात आधी कड. ओतीव नकलेच्या कडेला शिवण दिसते किंवा ती घासून काढल्याच्या खुणा. मग भिंगाखाली अक्षरं. खऱ्या ठशात अक्षरं कोरलेली नसतात, चारपाच छिन्न्यांनी ठोकून जुळवलेली असतात. उभी रेघ एका छिन्नीची, चंद्रकोर दुसरीची. त्यामुळे प्रत्येक रेघ पाचरीसारखी ताठ उभी राहते. ओतीव नकलेत तीच रेघ साबणावरच्या अक्षरासारखी मऊ होते आणि सपाट भागावर बारीक फोड दिसतात. माझ्या फसलेल्या पेनीत हे सगळं होतं, मला बघता येत नव्हतं. यॉर्कच्या कॉपरगेट उत्खननात टांकसाळीचे लोखंडी ठसे आणि ठसा तपासायला मारलेले शिशाचे तुकडे मिळालेत. गेलात तर जरूर बघा, ठसा किती ओबडधोबड लोखंडाचा गोळा असतो आणि त्याच्या तोंडावर किती बारीक काम असतं ते.

मातीत हजार वर्षं राहिलेली चांदी आतून ठिसूळ होते. वाकलेली सरळ करायला जाऊ नका. मी स्वतः स्टीफन राजाची एक वाकडी पेनी, नंतरच्या काळातली, अंगठ्याने हलकेच दाबली आणि बिस्किटासारखा आवाज आला. दोन तुकडे अजून कागदात ठेवलेत. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, हिरवट चिकटा धरतो. आणि भारतात परत येताना सोबत आणणार असाल तर दोन्हीकडचे नियम आधी बघा. इंग्लंडच्या मातीतल्या वस्तूला निर्यात परवान्याचा प्रश्न येतो. आपल्या १९७२ च्या कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं, म्हणजे पुन्हा बाहेर नेणं अवघड.

त्या लिलाववाल्याला एकच प्रश्न विचारा, ही कुठे सापडली आणि कधीपासून संग्रहात आहे?

नवखा_पुणेकर

विचारलं. उत्तर आलं की माहीत नाही, पण आज घेतली तर वीस पौंड कमी करू. कडेचा फोटो मागितला, तो आला नाही. सोडून दिली. मन खट्टू झालंय, खोटं का बोला.

मंजिरी_नॉर्फक

योग्य केलंत. एक सुचवू का? अर्धी पेनी बघा. तेव्हा सुटे पैसे नव्हते. क्रूसाच्या रेघेवरून पेनी कापायची, दोन तुकडे म्हणजे अर्धी, चार म्हणजे पाव. शेतात आम्हाला असे तुकडे बरेच मिळतात. कुणीतरी बाजारात अंडी घेताना कापलेला तुकडा तो. नोंद क्रमांकासकट पूर्ण पेनीच्या बऱ्याच कमी किमतीत मिळेल.

नवखा_पुणेकर

मंजिरीताई, मिळाली! एका नाणेमेळ्यात. क्नूटचा 'शॉर्ट क्रॉस' प्रकार, १०२९ नंतरचा. लिंकनशरमध्ये सापडलेली, नोंद क्रमांक विक्रेत्याने स्वतःहून दिला, मी घरी येऊन पडताळला, फोटो तंतोतंत जुळतो. कापलेली कड बोटाला अजून जाणवते. मागच्या बाजूला '…रिक ऑन लि' एवढंच उरलंय. टांकसाळदादा, तुमच्या ड्रेंगचंच गाव की! आता हा 'रिक' कोण ते कसं काढायचं?

टांकसाळ

अभिनंदन! फोटो बघितला. लिंकनला क्नूटच्या काळात गॉड्रिकही आहे आणि वुल्फ्रिकही. तुमच्या 'रिक'च्या आधी कापलेल्या कडेला एक रेघ अर्धवट दिसतेय. दिवा डाव्या बाजूला अगदी खाली ठेवून पुन्हा फोटो काढा. रेघेला उजव्या बाजूने चंद्रकोर जुळलेली असेल तर ते 'डी', म्हणजे गॉड्रिक. आडव्या दोन छोट्या पाचरी निघत असतील तर 'एफ', वुल्फ्रिक. मी तोवर लिंकनच्या दोघांचे ठसे यादीत काढून ठेवतो.